मागणीचा भरवसा नसताना उत्पादन आणि साठ्याचं नियोजन: ठाणे–नवी मुंबईतल्या लघुउद्योजकांचे नेहमीचे प्रश्न

वागळे इस्टेट, रबाळे, महापे, पावणे, तुर्भे. या पट्ट्यातल्या कारखान्यांत नियोजन करणारा माणूस बहुधा एकच असतो आणि बऱ्याच ठिकाणी तो स्वतः मालकच असतो. त्याच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. उदाहरणांतले आकडे समजावण्यापुरते धरले आहेत. पद्धत घ्या, आकडे मात्र तुमच्या रजिस्टरमधले घाला.

मागणी आधी कळतच नाही, तर नियोजन करून काय उपयोग?

अंदाज चुकणारच आहे. तो साधारण किती चुकतो, हे तुम्हाला माहीत आहे का, हा खरा प्रश्न. "पुढच्या महिन्यात चारशे नग जातील" एवढ्यावर खरेदीची ऑर्डर निघू शकते, पण साठा किती ठेवायचा ते ठरत नाही. "चारशेच्या आसपास, पण तीनशे ते पाचशेमध्ये कुठेही" असं म्हणता आलं, की मग ठरवण्यासारखं काही हातात येतं.

ही अनिश्चितता तीनच ठिकाणी झेलता येते. जास्तीचा माल ठेवून, मशीन आणि माणसांची थोडी क्षमता मोकळी ठेवून, किंवा ग्राहकाला थांबायला लावून. तिन्हींपैकी काहीच नको म्हटलं, तरी एक आपोआप होतंच. बहुतेक वेळा ग्राहक थांबतो, आणि कोण किती दिवस थांबला याची नोंद कुठेच नसते. ही निवड मालकाने प्रत्येक मालासाठी मुद्दाम करावी, असं माझं आग्रहाचं म्हणणं आहे. आज ती स्टोअरकीपरच्या सवयीवर आणि सेल्सवाल्यांच्या आरडाओरड्यावर होते. पुढची बहुतेक उत्तरं याच एका मुद्द्याला धरून आहेत.

अंदाजासाठी कुठले आकडे घ्यायचे? टॅलीतली (हिशोबाच्या सॉफ्टवेअरमधली) विक्री चालेल का?

एकटी ती चालणार नाही. टॅलीत दिसतं ते तुम्ही दिलेलं. मागितलेलं किती होतं, ते तिथे नसतं. माल संपलेला असताना पार्टीने फोन केला, तुमच्या माणसाने "साहेब, आत्ता नाहीये, पुढच्या आठवड्यात बघू" म्हटलं आणि फोन ठेवला. ती मागणी कागदावर आलीच नाही. पुढच्या वर्षी तोच कमी आकडा धरून तुम्ही पुन्हा कमी बनवता, पुन्हा माल संपतो, आणि आकडे मात्र सांगतात की या मालाला उठावच नाही.

म्हणून डिस्पॅचच्या टेबलावर एक साधी वही ठेवा. तारीख, पार्टी, कुठला माल, किती नग मागितले, कधी हवे होते, आणि शेवटी काय झालं: थांबले, कमी घेतले की दुसरीकडून घेतले. फोन जो उचलेल त्याने लिहायचं. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या मागण्याही त्यातच. तीन महिन्यांत या वहीतून जे दिसतं ते कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये सापडणार नाही.

आणखी दोन गोष्टी वेगळ्या काढा. एक, मार्चअखेर टार्गेट भरायला डीलरच्या गळ्यात मारलेला माल. ती मागणी एप्रिलची होती, मार्चमध्ये फक्त बिल फाटलं. दुसरी, एखाद्या टेंडरची एकरकमी ऑर्डर. ती सरासरीत घातली की पुढचे सहा महिने अंदाज फुगलेला राहतो.

अंदाजाची सोपी पद्धत कोणती?

जुना अंदाज घ्या, प्रत्यक्ष मागणीशी त्याचा फरक काढा, त्या फरकाचा पाचवा हिस्सा जुन्या अंदाजात मिळवा. अंदाज १००, मागणी १३० आली, तर नवा अंदाज १०६. मागणी ७० आली असती, तर ९४. बस. एका चांगल्या आठवड्याने हुरळून जायचं नाही आणि एका वाईट आठवड्याने खचायचं नाही, हे या हिशोबात आपोआप होतं. ज्या मालाला चढउताराचा ठरावीक हंगाम आहे, त्यासाठी होल्ट आणि विंटर्स यांची १९५७ ते १९६० या काळात तयार झालेली पद्धत एक्सेलमध्ये बसवता येते.

पद्धत कुठलीही घ्या, पण शेजारी एक रकाना ठेवा: अंदाज वजा प्रत्यक्ष. त्यात लागोपाठ सहा-सात वेळा एकच चिन्ह आलं, तर तो योगायोग नाही. अंदाज करणारा माणूस एका बाजूला झुकलाय. सेल्सवाले चढे आकडे देतात, कारण माल कमी पडला तर बोलणी त्यांना बसतात आणि उरला तर स्टोअरला.

मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करतो, तरी सणाच्या हंगामात गणित चुकतं. असं का?

कारण सण इंग्रजी महिने पाळत नाहीत. गणेश चतुर्थी २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला होती, २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला आणि २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. ऑगस्ट २०२५ ची तुलना ऑगस्ट २०२४ शी केली तर विक्री एकदम उसळल्यासारखी दिसेल आणि सप्टेंबर पडल्यासारखा. प्रत्यक्षात काहीच बदललेलं नसेल. २०२६ मध्ये चतुर्थी पुन्हा १४ सप्टेंबरला जाते, म्हणजे हेच उलट्या दिशेने.

उपाय सोपा आहे. सणावर चालणाऱ्या मालाचे आकडे "चतुर्थीच्या आधीचा आठवा आठवडा, सातवा, सहावा" असे मांडा. दिवाळीसाठी लक्ष्मीपूजनापासून मागे मोजा. तीन-चार वर्षं अशी एकाखाली एक लावली की डीलर किती आधी उचल सुरू करतात ते स्पष्ट दिसतं.

अधिक महिना विसरू नका. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, २०२६ मध्ये मे-जूनच्या सुमारास अधिक ज्येष्ठ येतो. अधिकात लग्नाचे मुहूर्त नसतात. भांडी, केटरिंगचं सामान, मंडपाचे पाइप, पत्रिकेचा कागद यांच्याशी तुमचा संबंध असेल, तर मे महिन्याचा अंदाज मागच्या वर्षावरून काढणं म्हणजे अंधारात तीर मारणं.

याची दुसरी बाजू क्षमतेची. मागणी शिगेला असते तेव्हाच आपली माणसं गावी असतात. गणपती आणि शिमग्याला कोकणातली, मे महिन्यात आणि छटपूजेला उत्तरेकडची. मशीन तेवढीच, पण चालवणारे हात कमी. मागणीच्या तक्त्याशेजारी हजेरीचा तक्ता लावल्याशिवाय हंगामाचं नियोजन पूर्ण होत नाही.

सेफ्टी स्टॉक, म्हणजे अडीअडचणीसाठीचा जादा साठा, नेमका किती ठेवायचा? "एक महिन्याचा" ठेवला तर चालेल का?

सगळ्या मालाला सरसकट एक महिना हा नियम सोयीचा आहे, म्हणून टिकलाय. तो स्थिर मालात पैसा अडकवतो आणि अस्थिर मालात तोंडघशी पाडतो. हिशोब करूनच दाखवतो.

समजा तुम्ही व्हॉल्व्ह बनवता आणि त्याच्या बॉडीचं कास्टिंग (ओतीव भाग) कोल्हापूरच्या फाउंड्रीतून येतं. मागच्या बारा आठवड्यांची मागणी: ८०, १२०, ९५, १४०, ६०, ११०, १००, १३०, ७५, १०५, ९०, ९५. सरासरी बरोबर १००. चढउताराचं माप म्हणजे प्रमाण विचलन. एक्सेलच्या एसटीडीईव्ही फॉर्म्युल्याने ते सुमारे २३ येतं. ऑर्डर दिल्यापासून माल येईपर्यंत चार आठवडे लागतात.

चार आठवड्यांची सरासरी मागणी ४००. चार आठवड्यांचा चढउतार मात्र २३ च्या चौपट नसतो, कारण एक आठवडा वर जातो तेव्हा दुसरा खाली येतो. तो २३ गुणिले चारचं वर्गमूळ, म्हणजे ४६. शंभरातल्या पंचाण्णव वेळा माल पुरावा असं हवं असेल तर याला १.६४५ ने गुणा: ७६ नग. हा तुमचा सेफ्टी स्टॉक. हातातला साठा आणि वाटेवरचा माल मिळून ४७६ वर आला की नवी ऑर्डर द्यायची; ही तुमची ऑर्डर-पातळी.

इथपर्यंत बरेच जण येतात. पण यात धरलंय की फाउंड्री दर वेळी बरोबर चार आठवड्यांनीच माल देते. तुमच्या इनवर्ड रजिस्टरमधल्या मागच्या वीसेक ऑर्डरी काढून बघा. कधी तीन आठवडे, कधी पाच, कधी साडेपाच. समजा हा चढउतार एका आठवड्याचा आहे. तर २३ च्या वर्गाला ४ ने गुणा, १०० च्या वर्गाला १ च्या वर्गाने गुणा, दोन्हींची बेरीज करून वर्गमूळ घ्या. उत्तर ११०. त्याला १.६४५ ने गुणलं की १८१ नग.

७६ वरून १८१! ग्राहक अगदी शिस्तीत दर आठवड्याला शंभरच नग घ्यायला लागला असता, तरी एकट्या फाउंड्रीच्या मागेपुढे होण्यामुळे १६५ नग ठेवावे लागले असते. आपण मागणीच्या नावाने बोटं मोडत बसतो, आणि साठ्याचा मोठा भाग पुरवठ्याच्या बेभरवशामुळे पडलेला असतो. फाउंड्रीशी बसून हा चढउतार एका आठवड्यावरून अर्ध्यावर आणला, तर सेफ्टी स्टॉक ११२ वर येतो. ग्राहकाला वळण लावण्यापेक्षा हे जास्त तुमच्या हातातलं आहे. महिन्याचा पक्का आकडा आधी देणं, पैसे वेळेवर देणं, पॅटर्न (साचा बनवायचा नमुना) सुस्थितीत ठेवणं, एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो.

दोन बारकावे. लीड टाइम, म्हणजे ऑर्डरीपासून माल हाती येईपर्यंतचा वेळ, पीओ (खरेदीची ऑर्डर) पाठवल्याच्या दिवसापासून मोजा आणि इन्स्पेक्शन होऊन माल वापरायला मोकळा होईल तिथे थांबवा. ट्रक गेटवर आला म्हणजे माल आला असं नाही. आणि साठा रोज न बघता आठवड्यातून एकदाच बघत असाल, तर हिशोबात चारऐवजी पाच आठवडे धरा, कारण ज्या दिवशी माल कमी झाला त्या दिवशी तुम्ही बघितलेलंच नसतं.

९५ टक्के घ्यायचे की ९९?

९० टक्क्यांसाठी गुणक १.२८, ९५ साठी १.६४५, ९८ साठी २.०५, ९९ साठी २.३३. शेवटचे चार टक्के मिळवायला सेफ्टी स्टॉक चाळीसेक टक्क्यांनी वाढतो. ज्या पार्टावाचून ग्राहकाची लाइन थांबते किंवा ज्यावर दंड लागतो, तिथे ९९ ठेवा. जो दोन दिवस उशिरा गेला तरी चालतो, तिथे ९० सुद्धा पुरे. आणि हा टक्का दर ऑर्डर-चक्राचा (एका ऑर्डरीपासून पुढच्या ऑर्डरीपर्यंतचा) आहे, नगांचा नाही. पाच टक्के चक्रांत माल कमी पडला, तरी त्यात कमी पडलेले नग सहसा थोडेच असतात.

एकाच बॉडीचे चार प्रकार विकतो. प्रत्येकाचा वेगळा साठा ठेवावा लागतो का?

इथे खरी बचत आहे आणि ती फार थोडे जण करतात. समजा बॉडी तीच, फक्त आटे वेगळे: कुणाला बीएसपी, कुणाला एनपीटी (आट्यांची दोन वेगळी मापं), आणि दोन प्रकारची प्लेटिंग. चारही प्रकार आटे पाडून, प्लेटिंग करून शेल्फवर ठेवले, तर प्रत्येकाचा २३ चा चढउतार वेगवेगळा सांभाळावा लागतो. एकूण ९२. तेच कच्चं कास्टिंग एकत्र ठेवलं आणि चारही मागण्या एकमेकींशी बांधलेल्या नसल्या, तर एकत्र चढउतार ४६. निम्मा. एनपीटी कमी गेला तर त्याचं कास्टिंग बीएसपीला वापरता येतं. एकदा आटे पाडले की तो माल फक्त त्याच पार्टीचा.

अट एवढीच, की आटे पाडणं, प्लेटिंग आणि टेस्टिंग ऑर्डर आल्यावर चार-पाच दिवसांत उरकता आलं पाहिजे. प्लेटिंग बाहेर जॉबवर्कला (दुसऱ्याकडून मजुरीवर करून घ्यायला) जात असेल तर त्या माणसाचे दिवस आधी पक्के करा. हा बदल करताना दुकानदारीची जुनी सवय आड येते: रिकामं शेल्फ बघवत नाही, म्हणून मोकळ्या वेळात माल पुढपर्यंत तयार करून ठेवला जातो. मशीन मोकळं आहे हे काही माल बनवायचं कारण नव्हे.

हंगामानंतर विकला न जाणारा माल किती बनवायचा?

उदाहरणार्थ, दिवाळीच्या मिठाईचे छापील बॉक्स. इथे सेफ्टी स्टॉकचं गणित लागू होत नाही, कारण संधी एकदाच मिळते. दोन आकडे काढा. एक नग कमी पडला तर किती रुपये हातचे जातात, आणि एक नग उरला तर किती बुडतात.

बॉक्स ६० रुपयांत पडतो, १०० ला जातो, उरलेला रद्दीत १५ ला जातो. कमी पडला तर तोटा ४०, उरला तर ४५. चाळीस भागिले पंच्याऐंशी म्हणजे ०.४७. याचा अर्थ, मागणी पूर्ण भागण्याची शक्यता ४७ टक्के असेल एवढाच माल करा. सरासरी अंदाज १०,००० आणि चढउतार २,००० असेल, तर आकडा ९,८५० च्या आसपास येतो, सरासरीपेक्षा किंचित कमी. खर्च ४० वर आणता आला तर तोच भागाकार ०.७१ होतो आणि आकडा ११,००० च्या वर जातो. मागणी तीच, अंदाज तोच, तरी बनवायचे नग हजाराहून जास्त बदलले. "किती विकले जातील" एवढाच प्रश्न विचारणाऱ्याला हे उत्तर सापडत नाही.

हा विचार साठ्याच्या शास्त्रात १९५०च्या सुमारास पक्का झाला आणि तो वर्तमानपत्र विक्रेत्याच्या उदाहरणाने शिकवतात. तुमच्या कामाचा भाग असा, की उरलेल्या मालाची किंमत वाढवता आली तर धोका घटतो. बॉक्सवर दिवे-पणत्या छापण्याऐवजी बॉक्स साधा ठेवा आणि दिवाळीची पट्टी वरून चढवा. पट्टी रद्दीत गेली तरी बॉक्स गुढीपाडव्याला चालतो.

बॅच केवढी घ्यावी?

१९१३ साली फोर्ड हॅरिस यांनी दिलेलं सूत्र अजून चालतं. वर्षाची मागणी गुणिले एका सेटिंगचा (नव्या बॅचसाठी मशीन जुळवण्याचा) खर्च गुणिले दोन, भागिले एक नग वर्षभर ठेवण्याचा खर्च, आणि त्याचं वर्गमूळ. ५,२०० नग, सेटिंगला १,५०० रुपये, ठेवण्याचा खर्च नगामागे १२ रुपये धरला तर बॅच १,१४० ची. गंमत अशी, की बॅच दीडपट केली तरी एकूण खर्च आठ टक्क्यांच्या आसपासच वाढतो. त्यामुळे आकड्याला चिकटून बसू नका, फर्नेसच्या किंवा ट्रेच्या मापात गोल करा.

ठेवण्याच्या खर्चात मात्र लोक फक्त बँकेचं व्याज धरतात. वागळे इस्टेट ही एमआयडीसीची १९६२ सालची पहिली वसाहत. आज तिच्या चहूबाजूंनी शहर आहे, आणि गाळ्यातली प्रत्येक चौरस फूट जागा महाग आहे. जिथे पॅलेट ठेवलंय तिथे मशीन बसू शकलं असतं. पावसाळ्यात तळमजल्यावर पाणी येत असेल तर तेही खर्चातच. आणि मोठी बॅच म्हणजे दुसऱ्या मालाची वाट अडलेली. त्यामुळे सेटिंगची वेळ कमी करणं हा बॅच लहान करण्याचा सर्वांत चांगला मार्ग. फिक्स्चर आधी जुळवून ठेवणं, मशीन चालू असतानाच पुढची टूल्स तयार ठेवणं, एवढंच आधी करा.

मोठी कंपनी दर आठवड्याला शेड्यूल बदलते. काय करावं?

या प्रश्नामागचा त्रागा मला पुरेपूर समजतो. सोमवारी ८००, बुधवारी ५००, शनिवारी "अर्जंट १,२००". पण त्या कंपनीच्या लाइनवरची खपत बहुधा इतकी हलत नसते. प्रॉक्टर अँड गॅम्बलला लहान मुलांच्या डायपरच्या बाबतीत हेच दिसलं होतं. बाळांचा वापर जवळजवळ स्थिर, दुकानांची विक्री थोडी हलणारी, आणि पुरवठादारांपर्यंत जाईस्तोवर ऑर्डरींचे मोठमोठे हेलकावे. प्रत्येक पायरीवरचा माणूस थोडं जास्तीचं धरून मागतो, म्हणून असं होतं. तुम्ही त्या रांगेच्या शेवटी आहात.

खरेदी विभागाकडे तीन गोष्टी मागा. लाइनवरची प्रत्यक्ष खपत आणि त्यांच्याकडचा शिल्लक साठा दर आठवड्याला. पुढच्या दोन आठवड्यांचं शेड्यूल गोठवलेलं, म्हणजे त्यात बदल नाही. आणि त्यापुढे बदल किती टक्क्यांपर्यंत होईल याची लेखी मर्यादा. "साहेब, तुम्ही खपत दाखवलीत तर मी तुम्हाला कमी साठ्यात जास्त खात्रीने माल देतो" असं मांडा, तक्रारीच्या सुरात नको. मागे त्यांच्या शेड्यूलमधला आणि प्रत्यक्ष उचललेल्या मालातला फरक दाखवणारा सहा महिन्यांचा तक्ता जोडा. आकडे समोर आले की बरेच खरेदी अधिकारी ऐकतात, कारण वरच्यांना दाखवायला तो तक्ता त्यांनाही उपयोगी पडतो.

मागणी एकदम थांबली तर उत्पादन लगेच थांबवायचं का?

आधी शोधा, मागणी गेली की पुढे ढकलली गेली. १५ ऑगस्ट २०२५ ला जीएसटी दरांत कपात होणार अशी घोषणा झाली, नवे दर २२ सप्टेंबरला लागू झाले. एअर कंडिशनरसारख्या वस्तू २८ टक्क्यांवरून १८ वर आल्या. मधल्या पाच आठवड्यांत गिऱ्हाईक आणि डीलर दोघेही थांबणार हे उघड होतं. त्या काळातल्या पडलेल्या आकड्यावरून अंदाज खाली आणणं आणि नंतरच्या उसळीवरून तो वर नेणं, दोन्ही चूक. असे आठवडे रजिस्टरमध्ये लाल शाईने घेरा आणि सरासरीत घेऊ नका.

आधी माल करून ठेवावा, की वेळ आली की ओव्हरटाइम आणि जॉबवर्क?

ओव्हरटाइमला कायद्याने दुप्पट दर आहे. त्यामुळे हिशोब असा: एक नग ओव्हरटाइममध्ये बनवल्याने किती जास्त खर्च येतो, आणि तोच नग दोन-तीन महिने आधी बनवून ठेवायला किती लागतो. मजुरी कमी आणि मटेरियल महाग असलेल्या मालात ओव्हरटाइमच स्वस्त पडतो, कारण पैसा मटेरियलमध्ये अडकत नाही. मजुरी जास्त आणि मटेरियल स्वस्त, तिथे आधी करून ठेवा.

मधला मार्ग मला जास्त पटतो. ज्या मालाची मागणी ठाम आहे तो शांत महिन्यांत बनवा, आणि हंगामातली क्षमता बेभरवशाच्या मालासाठी मोकळी ठेवा. बरेच कारखाने नेमकं उलट करतात. अवघड मालाचा अंदाज आधी घेऊन बनवून टाकतात, म्हणजे चुकायची सगळी जोखीम तिथेच घेतात.

कच्चा माल आयातीचा आहे. तिथे किती साठा ठेवायचा?

न्हावाशेवा हाकेच्या अंतरावर आहे, म्हणून आपण गाफील राहतो. जहाज बंदरापर्यंत यायलाच उशीर होऊ शकतो. मार्च २०२१ मध्ये एव्हर गिव्हन जहाज अडकून सुएझ कालवा सहा दिवस बंद होता. २०२३ च्या अखेरीस लाल समुद्रात हल्ले सुरू झाले आणि युरोपहून येणारी बरीच जहाजं आफ्रिकेला वळसा घालून येऊ लागली, म्हणजे दहा-पंधरा दिवसांची भर. अशा धक्क्यांना वरचं सेफ्टी स्टॉकचं सूत्र पुरत नाही. ते रोजच्या चढउतारासाठी आहे.

इथे साठ्यापेक्षा पर्याय ठेवा. कुठलं मटेरियल कळंबोलीच्या स्टील मार्केटमधून, महाग पडलं तरी, दोन दिवसांत उचलता येईल याची यादी करा. त्या ग्रेडला ग्राहकाची मंजुरी आत्ताच घेऊन ठेवा. गाडं अडल्यावर मंजुरीला लागणारे दोन आठवडे जास्त जिव्हारी लागतात. पर्याय नसलेल्या दोन-चार वस्तूंचा मात्र डोळे मिटून भरपूर साठा करा.

वर्षातून दोन-तीनदाच मागितले जाणारे स्पेअर?

सरासरी काढू नका, शून्यांमुळे ती फसवते. दोन मागण्यांमध्ये किती दिवस जातात आणि मागणी आली की किती नगांची येते, हे वेगवेगळं नोंदवा. क्रॉस्टन यांनी १९७२ मध्ये हीच वाट दाखवली. बहुतेक स्पेअरना "एक ठेवा, गेला की एक बनवा" एवढा नियम पुरतो.

पडून राहिलेल्या मालाचं काय करू? टाकवत नाही.

वर्षभर न हललेल्या मालाची यादी काढा आणि प्रत्येकासमोर एकच प्रश्न ठेवा: आज हा माल माझ्याकडे नसता, तर मी तो विकत घेतला असता का? नाही असेल तर तीन महिन्यांची मुदत लावून विका. दुसऱ्या प्रकारात बदलता येतो का पाहा, मूळ पार्टीला सवलतीत द्या, शेवटी भंगार. रबर, रंग, चिकटवण्याचे पदार्थ यांची मुदत तर रोज घटते. एक काळजी घ्या. माल नष्ट केला किंवा हिशोबातून काढून टाकला, तर त्यावरचं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची घेतलेली वजावट) जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) नुसार परत करावं लागतं. त्यामुळे आधी सीएशी बोला. कमी भावाने का होईना, विकणं बरेचदा परवडतं.

पैसाच मोकळा नाही, सेफ्टी स्टॉक कुठून ठेवू?

बरोबर आहे, आणि म्हणूनच साठा कुठे कमी करायचा हे आधी शोधायचं. पाच-सहा मालांत बहुतेक पैसा अडकलेला असतो. वरचं गणित फक्त त्यांच्यावर करा. नटबोल्ट-वॉशर भरपूर ठेवा, त्यांचा हिशोब करण्यातच जास्त वेळ जातो. दुसरी बाजू वसुलीची. एमएसएमईडी कायदा २००६ नुसार नोंदणीकृत सूक्ष्म आणि लघुउद्योगाचे पैसे करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत मिळायला हवेत, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. उद्यम नोंदणी क्रमांक प्रत्येक बिलावर छापा. एका मोठ्या पार्टीची वसुली पंधरा दिवस अलीकडे आली, तर त्यातून सगळा सेफ्टी स्टॉक उभा राहू शकतो.

ईआरपी (खरेदी, साठा, उत्पादन एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) घ्यायला हवा का?

साठ्याचा आकडा आणि शेल्फवरचा माल जुळत नसेल, तर अजून नाही. आधी रोज दहा वस्तू मोजायची सवय लावा, तफावतीचं कारण त्याच दिवशी शोधा. तोवर एक्सेल पुरतं.

हे सगळं बसून कधी करायचं? कोणी बसायचं?

आपल्या पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांना शुक्रवारची सुट्टी असते, त्यामुळे शनिवारी सकाळी पाऊण तास ठरवून टाका. मालक, प्रॉडक्शन, स्टोअर, खरेदी आणि सेल्स, सगळे एका टेबलाशी. समोर चार कागद: मागच्या आठवड्याची मागणी आणि अंदाज, नाही म्हटलेल्या ऑर्डरींची वही, ऑर्डर-पातळीखाली गेलेल्या मालाची यादी, आणि उशिरा आलेल्या पुरवठ्यांची यादी. पुढचे दोन आठवडे गोठवायचे, त्यापुढचे चार बदलण्यासारखे ठेवायचे. गोठवलेल्यात बदल हवा असेल तर तो फक्त मालकाच्या सहीने, आणि त्यासाठी कुठली ऑर्डर मागे गेली ते त्याच कागदावर लिहून. दर तीन महिन्यांनी एका शनिवारी जास्त वेळ काढून प्रत्येक महत्त्वाच्या मालाची सरासरी, चढउतार आणि लीड टाइम नव्याने काढायचा, नव्या ऑर्डर-पातळ्या बिन कार्डावर (शेल्फवरच्या मालाच्या नोंदपत्रावर) लिहायच्या आणि जुन्या खोडायच्या.